काल्पनिक राज्ये आणि घोड्यांचे पाणी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत छोटे शिपाई रंगवून फळीवर फाशांनी लढाया खेळण्याच्या आमच्या मंडळींच्या छंदाविषयी छायाचित्रासह थोडा मजकूर आला होता आणि त्यावर पुढच्याच आठवड्यात एका वाचकांचे पत्र छापून आले. त्यांचे दोन आक्षेप आहेत. साठी ओलांडलेल्या माणसांनी अंगठ्याच्या पेराएवढे शिपाई रंगवत बसावे हे शोभत नाही, हा पहिला. दुसरा असा, की रंगवायचेच असतील तर ज्या मराठवाड्यात पालखेड, उदगीर आणि राक्षसभुवनच्या लढाया झाल्या, तिथे बसून कधीच नसलेल्या राज्यांची कधीच न झालेली मोहीम कशासाठी मांडायची? पहिल्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. तो आमच्या घरातूनही रोज घेतला जातो आणि मला त्याची सवय झाली आहे. दुसरा आक्षेप मात्र मनापासून घेतलेला दिसतो, म्हणून हे पत्र.

आधी खरी हकीकत सांगतो. आम्ही सुरुवात इतिहासापासूनच केली होती. मी बीडचा, भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेला. राक्षसभुवन आमच्याच जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठावर आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे जे घडले ते थोडक्यात असे: निजामअली फौजेच्या एका भागासह नदी ओलांडून गेला होता, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी अलीकडेच होता, आणि नदीला पाणी चढलेले असताना माधवराव पेशवे व राघोबादादा यांनी त्याला गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला पलीकडच्या काठावरून मदत पाठवता आली नाही. ही लढाई दोन पलंगांवर प्लायवूड टाकून आम्ही मांडली. निजामाची बाजू घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली ते आमचे पशुवैद्यक मित्र; त्यांनी पहिल्याच डावात सगळी फौज एकाच काठावर ठेवली आणि नदी ओलांडायलाच नकार दिला. त्यांचे म्हणणे साधे होते. पुढे काय झाले ते मला ठाऊक आहे, मग मी ती चूक करू कशाला? त्यानंतर फासेही त्यांच्या बाजूने पडू लागले, पेशव्यांची मधली फळी मोडली, आणि बघायला आलेले शेजारी इतके अस्वस्थ झाले की चहा मागवून आम्ही डाव तिथेच गुंडाळला.

त्या संध्याकाळी दोन गोष्टी ध्यानात आल्या. ज्या लढाईचा निकाल पाठ आहे, तिच्यात सेनापतीला पडलेला पेच अनुभवता येत नाही; विठ्ठल सुंदरला पुढचे दिसत नव्हते, आम्हाला दिसत होते. आणि खरी नावे घेतली की हरण्याची मुभा राहत नाही, कारण फाशावर एक पडला तरी कुणाचा तरी अपमान होतो. म्हणून आम्ही हरणगड आणि निंबसर ही दोन राज्ये नकाशावर निर्माण केली, मध्ये सावळी नावाची नदी सोडली आणि काळ धरला १७५० ते १७६५ च्या सुमाराचा. यात आमचे नवे काही नाही. युरोपात आणि अमेरिकेत अठराव्या शतकातली मनातली राज्ये रचून, त्यांची निशाणे आणि गणवेश ठरवून मोहिमा खेळणारे लोक अनेक दशकांपासून आहेत. त्याच्याही आधी, १८२४ साली, राइसविट्झ या अधिकाऱ्याने रचलेला नकाशावरचा युद्धखेळ प्रशियाच्या सैन्याने आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला होता. तो एकास आठ हजार या प्रमाणाच्या नकाशावर खेळत, हे वाचून माझ्यातल्या भूकरमापकाला जे समाधान झाले ते पत्रलेखकांना सांगून पटणार नाही.

आता बाहुल्यांविषयी. शिपाई २८ मिलिमीटरचे असतात. काही धातूचे, काही प्लॅस्टिकचे, आणि अलीकडे थ्रीडी प्रिंटरवर काढलेले. बाजारात सहज मिळतात ते युरोपातल्या सप्तवार्षिक युद्धाचे, म्हणजे १७५६ ते १७६३ च्या काळातले, तिकोनी टोपी आणि लांब कोट घातलेले. तेव्हा हरणगडच्या राजाने फिरंगी कवायतीबरोबर फिरंगी पोशाखही उचलला, असे आम्ही ठरवून टाकले. राजाच्या आवडीनिवडीवर दुकानातल्या मालाचा इतका प्रभाव असू शकतो. कवायती पलटणी उभारण्याची हौस त्या काळात दख्खनमध्ये होतीच, आणि १७६० साली उदगीरच्या लढाईत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी व पलटणींनी ती हौस किती कामाची आहे हे दाखवून दिले होते. निंबसरचे बळ घोडदळात. त्यांचे स्वार तयार मिळत नाहीत, म्हणून तिकोनी टोपी कापून, एम-सीलची चिमूटभर गोळी दोरीसारखी वळून तिचे पागोटे बांधावे लागते. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येणारा, त्यामुळे त्याच्या अंगरख्याचा रंग शेजाऱ्याशी जुळता कामा नये. एका पलटणीला लागतो त्याच्या दुप्पट वेळ डझनभर शिलेदारांना लागतो.

हरणगडचे कोट पांढरे आहेत आणि पांढरा रंग हा या छंदातला सर्वांत खोटा रंग आहे. नुसता पांढरा फासला की शिपाई चुन्याने सारवल्यासारखा दिसतो. आधी करडा अस्तर रंग द्यायचा, तो पुरता वाळला की कोटाच्या घड्यांतला करडा तसाच सोडून फक्त उंचवट्यांवर पातळ पांढऱ्याचे दोन हात फिरवायचे, आणि मग गळपट्टी व बाह्यांच्या दुमडीवर पलटणीचा ओळखीचा रंग भरायचा. पहिली पलटण किरमिजी, दुसरी मोरपंखी. काळ्या दारूच्या धुरात आपले कोण आणि परके कोण हे कळावे, एवढ्यासाठी त्या काळच्या फौजा असे ठळक रंग वापरीत. चेहऱ्यावर तपकिरी रंगाचे पाणी सोडले की ते डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाच्या कडेला आपोआप उतरते, आणि मग बुबुळे काढण्याच्या फंदात पडू नये. मी सुरुवातीला सगळ्यांत बारीक ब्रश आणून बसत असे. आता एक नंबरचा, पण टोक शाबूत असलेला ब्रश वापरतो, कारण बारीक ब्रशात रंगच इतका थोडा राहतो की शिपायापर्यंत पोचेपर्यंत तो वाळलेला असतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना तर हे विशेषच. कूलर लावला की त्याच्या वाऱ्याने रंग ब्रशावरच सुकतो आणि बंद केला की रंगवणारा सुकतो; म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे पाच ते सात. रंग ओला राहावा म्हणून मिठाईच्या डब्यात भिजवलेला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर पसरतो. पावसाळ्यात याच्या उलट: दमट हवेत फवारलेले मॅट व्हार्निश पांढरे पडते. मागच्या श्रावणात एका रात्रीत माझ्या तीस शिपायांवर दव पडल्यासारखी साय धरली आणि दोन महिन्यांचे काम मला पुन्हा हातात घ्यावे लागले.

शिपाई रंगवताना धरायला औषधाच्या बाटल्यांची झाकणे उपयोगी पडतात. प्रत्येक झाकणावर एक शिपाई चिकटवायचा, दहा जणांची रांग लावायची, आणि एका बैठकीत एकच रंग सगळ्यांना द्यायचा. लहानपणी पोळ्याच्या आदल्या दिवशी मातीच्या बैलांना आम्ही असाच रंग देत असू. आधी सगळ्यांची अंगे, मग सगळ्यांच्या झुली, शेवटी शिंगे. तळपट्टीवर हिरवे युरोपी गवत आम्ही मुद्दाम लावत नाही. गोदावरीची वाळू चहाच्या गाळणीतून गाळून, तिला काळ्या मातीचा रंग देऊन, वर वाळल्या कुसळाचा पिवळसर हात फिरवला की शिपाई आपल्या मुलखात उभा राहतो. कुंपणे आणि मोर्चे तुराट्यांचे.

एका ठिकाणच्या हस्तकला प्रदर्शनात हे सगळे बालविभागात मांडले गेले होते, तेही पलटणींची सरमिसळ करून. वयाचे जाऊ द्या, पण किरमिजी गळपट्टीच्या शेजारी मोरपंखी उभा केलेला पाहून मला रात्री झोप आली नाही.

मात्र रंगकाम हा या छंदाचा निम्माच भाग आहे; उरलेला निम्मा वहीत असतो. आमच्याकडे एक शिपाई म्हणजे वीस माणसे, तीस शिपायांची पलटण म्हणजे सहाशे. प्रत्येक पलटणीचा मी स्वतंत्र उतारा ठेवला आहे, ज्याला मंडळी थट्टेने सातबारा म्हणतात: वरच्या भागात पलटणीचे नाव, ओळखीचा रंग, हजर माणसे, खालच्या भागात दाणागोटा, दारूगोळा आणि मुक्काम. लढाईत पडलेल्यांपैकी काही किरकोळ जखमी म्हणून परत येतात, काही येत नाहीत, आणि त्याची नोंद फेरफाराने होते. नकाशावर जमिनीची प्रत मी खात्यातल्या सवयीने लिहिली आहे, काळी, मुरमाड, खडकाळ. कोरड्या दिवसांत पायदळ आणि तोफा दिवसाला पंधरा किलोमीटर चालतात; पाऊस पडल्यावर मुरमाड जमिनीवर थोडे कमी, आणि काळ्या रानात तोफेचा गाडा जागचा हलत नाही. ज्याने पावसाळ्यात रेगडातून बैलगाडी काढली आहे त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून पावसाच्या आत परतण्याची मराठी फौजांची रीत का होती, हे मी शाळेत वाचले होते; कळले ते हरणगडच्या चार तोफा मृगात अडकल्यावर.

पण सर्वांत जास्त शिकवले ते पाण्याने. निंबसरकडे साठ घोडेस्वार आहेत, म्हणजे बाराशे घोडी. शिवकाळातल्या घोडदळात पंचवीस स्वारांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे चामड्याच्या पखालीतून पाणी वाहणारा, व एक नालबंद अशी व्यवस्था असे. काळ शंभर वर्षे आधीचा असला तरी ती सोयीची वाटल्याने निंबसरच्या पागेला आम्ही तीच लावली. निंबसरचे घोडदळ जवळपास एका हजारीएवढे आहे आणि त्याला अठ्ठेचाळीस पखालजी आले. एके दिवशी पशुवैद्यक मित्रांनी सहज हिशेब मांडला. उन्हात चाललेल्या घोड्याला दिवसाला तीस लिटर पाणी धरा, म्हणजे बाराशे घोड्यांना छत्तीस हजार लिटर. प्रत्येक पखालजीच्या वाट्याला साडेसातशे लिटर. हे पखालीने होणारे काम नव्हे. पखाल माणसांपुरती, घोडे पाण्यावरच न्यायला हवेत. छत्तीस हजार लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीनहून जास्त टँकर, रोज, आणि यात तोफांचे बैल, शिलेदारांची जादा जनावरे, बाजारबुणगे धरलेले नाहीत. मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला टँकरचा हिशेब चटकन कळतो. मी नकाशा उघडला आणि पहिल्यांदाच विहिरी, बारवा आणि नदीचे डोह फौजेच्या नजरेने पाहिले. निंबसरची पागा ज्या वाटेने मी डौलात पुढे सरकवत होतो, त्या वाटेवर तीन मुक्कामांत पाणीच नव्हते.

पत्रलेखकांनी ज्या पालखेडचा अभिमानाने उल्लेख केला, त्या लढाईकडे मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने पाहू लागलो. १७२८ च्या फेब्रुवारीत बाजीरावांनी निजामाला जो कोंडला, तो मोठ्या रणकंदनाने नव्हे. निजामाचा जड तोफखाना मागे पडला होता, फौजेचे दाणापाणी तोडले गेले होते, आणि पुढच्याच महिन्यात मुंगी-शेवगावचा तह झाला. हे मी आयुष्यभर ऐकत आलो. परंतु ‘दाणापाणी तोडले’ या दोन शब्दांत किती हजार लिटर मावतात, हे मला एका न झालेल्या मोहिमेने दाखवले, कारण तिथे बखर हाताशी नव्हती आणि प्रत्येक मुक्कामाचा हिशेब स्वतःच करावा लागला. काल्पनिक राज्ये का, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे.

नवी मोहीम येत्या दसऱ्याला सुरू होईल. निंबसरचे सेनापतिपद पशुवैद्यकांनी घेतले आहे, पण दाणागोटा आणि पाणी यांची वही ठेवायला त्यांना कोणी मिळालेले नाही. मागच्या खेपेला ती माझ्याकडे होती आणि काय झाले ते वर लिहिलेच आहे. पत्रलेखकांना रंगकामाचे वावडे असेल तर ब्रशाला हात न लावताही त्यांना ही जागा स्वीकारता येईल. वही कोरी आहे, नकाशावर विहिरी दाखवल्या आहेत, आणि दुसऱ्या मुक्कामावरची बारव उन्हाळ्यात आटते एवढे मी त्यांना आताच सांगून ठेवतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक, बीड