दाताच्या खुर्चीशेजारी बीपीचं मशीन हवं

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

मी दातांची डॉक्टर. तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. त्याआधी काही वर्षं एका सरकारी रुग्णालयात कंत्राटी नोकरी केली.

गेल्या आठवड्यात एक आजोबा दाढ काढायला आले.

"बाबा, बीपी-शुगर काही?"

"काही नाही."

"गोळी कसली चालू आहे?"

"बीपीची. पण ती चालू केल्यापासून बीपी नाही."

हे उत्तर मी जवळजवळ रोज ऐकते, आणि त्यांच्या परीने ते खरंच असतं. मग कोपरीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी निघाली. आत कापलेल्या स्ट्रिपचे तीन तुकडे, एकावरही पूर्ण नाव नाही. मुलाला फोन लावला तेव्हा कळलं, दोन वर्षांपूर्वी स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवलाय आणि त्यातली एक गोळी रक्त पातळ करणारी. "रक्त थांबणार नाही" असं शेजाऱ्याने सांगितलं म्हणून ती चार दिवसांपासून परस्पर बंद!

मला घाम फुटला. एका दाढेचं रक्त बहुतेक वेळा बोळा दाबून, टाका घालून थांबतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर मी काय करणार?

साहेब, सरकारी रुग्णालयात तरी हे सोपं असायला हवं. तिशीवरच्यांची बीपी-शुगर तुमचाच असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम तपासतो. कर्करोगासाठी तोंडही उघडून बघतो. नोंद होते, गोळ्या मिळतात. मी होते तिथे ती खोली आणि दातांची खोली यांत वीसेक पावलं होती, पण कागद कधी तेवढा चालला नाही. बीपीचं मशीन मागितलं की "मेडिसिनकडून आणा". आणायचं, वापरायचं, पळत परत द्यायचं. बाहेर चाळीस जण गाल धरून बसलेले असताना हे रोज कोण करणार? मीही नाही केलं, कबूल करते.

उलटही घडतं. अडतिशीतला एक ट्रकचालक हलणारे दात आणि पुन्हा पुन्हा पू धरणारी हिरडी घेऊन आला. दोष तंबाखूला देऊन मोकळं होणं सोपं होतं. बोट टोचलं, शुगर 380. त्याला पत्ताच नव्हता. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 सालच्या अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातले कितीतरी आधी आमच्याच खुर्चीत बसत असतील.

म्हणून प्रत्येक सरकारी दंत विभागाला स्वतःचं बीपीचं मशीन आणि शुगर मोजायचं ग्लुकोमीटर द्या, त्याच्या पट्ट्यांसकट. पट्ट्या संपल्या की मशीन कपाटात जातं. केसपेपरवर "आजार आहे का?" याऐवजी "रोज कुठली गोळी घेता? कधी ऑपरेशन झालंय? हाडांसाठी इंजेक्शन घेतलंय?" असं छापा. हृदयाची झडप बदललेल्याला दाढ काढण्याआधी प्रतिजैविक द्यावं लागतं. ठिसूळ हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड घेतलेल्याच्या जबड्याची जखम कधी कधी भरतच नाही. आधी कळलं तर हे सांभाळता येतं. आणि औषधाच्या खिडकीवर कापलेल्या तुकड्यासोबत गोळीचं नाव मराठीत लिहिलेली चिठ्ठी द्यायला सांगा.

आजोबांची दाढ अजून जागेवरच आहे. हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करून चालूच ठेवायला सांगितलंय. तोवर पॅरासिटामॉलवर भागतंय. गुरुवारी यायला सांगितलंय, पिशवी घेऊन.

आपली,
तालुक्यातली एक दंतवैद्य