इशारा दिला म्हणून कथा फुटत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतला फॅनफिक्शनवरचा, म्हणजे आवडत्या पुस्तकांतली-मालिकांतली पात्रे घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांवरचा, लेख वाचला. कथेच्या डोक्यावर इशारे आणि टॅग (आत काय आहे ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या) लावणे म्हणजे वाचकांचे फाजील लाड, असा त्याचा सूर होता. मी अशा कथा लिहिते आणि लिहिते त्याच्या कैकपट वाचते, म्हणून हे पत्र.

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा अशा कथांचा ऑनलाइन संग्रह २००९ साली खुला झाला. त्यावर ठरावीक इशारे चारच आहेत: हिंसेचे तपशीलवार वर्णन, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीन पात्रांचे लैंगिक संबंध. त्यांचीही सक्ती नाही. शेवट गुपित ठेवायचा असेल, तर ‘लेखकाने इशारे न देण्याचे ठरवले आहे’ असा पर्याय आहे. म्हणजे आत काहीही निघेल, बघा बुवा. नवे वाचक हेच ‘कोणताही इशारा लागू नाही’ असे वाचतात आणि मग लेखकावर डाफरतात. दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. लेखात याचा उल्लेखही नव्हता.

या चारांपलीकडचे टॅग मात्र लेखकाच्या समजुतीवर सोडलेले असतात, आणि खरी गोची तिथेच होते. माझ्या एका कथेत नायकाचा भाऊ अतिदक्षता विभागात असतो. तो मरत नाही, त्यामुळे नियमाने मी कुठेच चुकले नव्हते. आजारपणाचा टॅग मुद्दाम टाळला होता. तो वाचून लोक पुढचे ओळखतील, ही धास्ती. चौथ्या भागाखाली एकीने लिहिले, “मॉनिटरचा आवाज आला तिथे थांबले. आधी कळलं असतं तर आज उघडली नसती, नंतर कधीतरी वाचली असती.” तक्रारीचा एक शब्द नाही. मला राग आला तो स्वतःचाच. तिला कथा नको नव्हती, फक्त ‘आज’ नको होती.

दुसरे टोकही आहे. एका वाक्यात डोकावून जाणाऱ्या जोडीचा टॅग लावणारे महाभाग असतात. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असली की प्रेमसंबंध आणि ‘&’ हे चिन्ह असले की मैत्री किंवा इतर नाते, हा साधा संकेत. तो मोडला की हव्या त्या कथा शोधणाऱ्याच्या हाती भलतेच लागते. टॅगांची लांबण इतकी वाढली की २०२१ मध्ये एका कथेला जास्तीत जास्त ७५ अशी मर्यादा घालावी लागली. पंच्याहत्तर! निरनिराळ्या शब्दांत लिहिलेले एकाच अर्थाचे टॅग स्वयंसेवक हाताने एकमेकांना जोडतात, म्हणून नको ते वगळून शोधता येते. पण लेखकाने टॅगच लावला नाही, तर ते तरी काय जोडणार?

त्या कथेला ‘रुग्णालय’ आणि ‘गंभीर आजारपण, पण मृत्यू नाही’ असे दोन टॅग मी त्याच रात्री लावले. रहस्य थोडे गेले, हे कबूल. तीन आठवड्यांनी तिचाच अभिप्राय आला: “आज पूर्ण वाचली. सहाव्या भागात नर्सचं नाव मध्येच बदललंय, तेवढं बघा.”

आपली नम्र,
एक फॅनफिक्शन लेखिका