पदवी नसलेला प्राध्यापक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इतिहास लिहिण्याचा अधिकार नेमका कोणाला, यावर आपल्या पत्रस्तंभात गेले काही आठवडे चांगलीच जुंपली आहे. विद्यापीठाची पदवी नसेल तर इतिहासाच्या वाटेला जाऊ नये, असे एका बाजूचे म्हणणे. पदवीवाल्यांनीच इतिहासाचे वाटोळे केले, असे दुसरीचे. या भांडणात चार्ल्स बॉक्सर यांचे नाव अजून कोणी काढले नाही, याचे नवल वाटते. निदान आम्हा वसई-गोव्याकडच्या वाचकांना तरी ते आठवायला हवे होते.

पोर्तुगीज आणि डच आशियात काय करत होते, हे गेल्या शतकात बॉक्सर यांच्याइतके बारकाईने क्वचितच कोणी सांगितले असेल. जन्म १९०४चा, आइल ऑफ वाइट बेटावरचा. सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीतून लिंकनशायर रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी ते कधी चढलेच नाहीत. पण पंचविशीत, पलटणीतली नोकरी सांभाळून, त्यांनी लंडनच्या जपान सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय होता १६१० साली नागासाकीच्या बंदरात स्वतःच्याच कप्तानाने उडवून दिलेले एक पोर्तुगीज जहाज. आंद्रे पेसोआ हा कप्तान. जपानी होड्यांनी जहाजाला रात्रीमागून रात्री घेरले, आग लागली, बचावाची आशा सुटली, तेव्हा त्याने दारूकोठारालाच बत्ती दिली. ही हकिकत बॉक्सर यांनी उभी केली ती पोर्तुगीज कागदांच्या आधारे, आणि तीही स्वतः जपानला जाण्यापूर्वी!

जपानला ते १९३० ते १९३३ या काळात राहिले. लष्कराने भाषा शिकायला पाठवले होते. तिथे केंदो ही जपानी तलवारबाजीही शिकले. पुढे हाँगकाँगला गुप्तवार्ता विभागात नेमणूक झाली. डिसेंबर १९४१च्या जपानी हल्ल्यात जबर जखमी झाले, डावा हात कायमचा अधू झाला, आणि मग युद्ध संपेपर्यंत कैद. हौसेने जमवलेला ग्रंथसंग्रह जपान्यांनी लुटून तोक्योला नेला होता. युद्धानंतर ते स्वतः तिथे गेले तेव्हा त्यातला बराचसा परत मिळाला. त्यांच्या पत्नी एमिली हान याही नामांकित अमेरिकन लेखिका. त्या दोघांच्या हाँगकाँगमधल्या प्रेमप्रकरणावर लोकांनी भरपूर लिहिले आहे. मला त्यात रस नाही.

१९४७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजने या मेजरला थेट पोर्तुगीजच्या अध्यासनावर बसवले. हे अध्यासन कामोंइश या कवीच्या नावाचे, ज्याने गोव्यातही दिवस काढले होते. मध्यंतरी दोन वर्षे ते लंडनच्याच पौर्वात्य विद्यासंस्थेत अतिपूर्वेच्या इतिहासाचे प्राध्यापक होते.

आता त्यांच्या कामाविषयी. मकाव (चीनच्या किनाऱ्यावरचे पोर्तुगीज ठाणे) आणि नागासाकी यांच्यातल्या व्यापारावरचे त्यांचे १९५९चे पुस्तक घ्या. चीनच्या मिंग बादशहांनी जपानशी थेट व्यापाराला बंदी घातली होती. चिन्यांना चांदी हवी आणि जपान्यांना रेशीम. मधल्या दलालीवर पोर्तुगीज गब्बर झाले. जहाज गोव्याहून एप्रिल-मेमध्ये सुटे, मलाक्कावरून मकावला जाई, कँटनच्या बाजारातले रेशीम भरायला महिनोन्‌महिने थांबे आणि पुढच्या उन्हाळ्यातले वारे धरून नागासाकी गाठे. फेरी पुरी व्हायला दोन-तीन वर्षे लागत. फेरीचा मक्ता पोर्तुगालचा राजा देई, आणि एका फेरीत कप्तानाच्या घरी लक्ष्मी पाणी भरे. गोव्याचे ‘सोन्याचे’ वैभव आपण इतके ऐकतो. त्यातला केवढा तरी वाटा या दूरच्या रेशीम-चांदीचा होता. पुढे जपानने हा व्यापार बंद केला. १६४० साली तो पुन्हा सुरू करण्याची विनंती घेऊन मकावहून गेलेल्या शिष्टमंडळातल्या ६१ जणांची मुंडकी जपान्यांनी उडवली आणि तो अध्याय संपला.

पण माझ्या मते बॉक्सर यांची खरी कसोटी लागली १९६३ मध्ये. आमच्या साम्राज्यात वर्णभेद कधी नव्हताच, असे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे सरकार जगाला सांगत होते. गोवा हातचा जाऊन जेमतेम दोन वर्षे, अंगोलात बंड पेटलेले. अशा वेळी बॉक्सर यांनी पोर्तुगीजांच्याच कागदांवरून तो दावा खोडून काढणारे पुस्तक लिहिले. त्यात दिवाडीच्या मातेउश द काश्त्रु या ब्राह्मण ख्रिस्ती धर्मगुरूची गोष्ट येते. गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा नाकारली म्हणून हा माणूस रोमला गेला, १६३७ साली बिशप होऊन परतला, तरी गोव्यातल्या गोऱ्यांनी त्याला मानले नाही. शेवटी त्याने आदिलशाही मुलखात, डिचोलीला ठाण मांडले. इथिओपियाच्या पेट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती धर्मप्रमुखाने, त्याच्या रंगावरून जे शब्द वापरले ते आपल्या वृत्तपत्रात छापण्याजोगे नाहीत. बॉक्सर यांनी ते छापले. लिस्बनच्या वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर झोड उठली, जुने स्नेही उलटले. आयुष्यभर ज्या देशाच्या इतिहासाला वाहून घेतले, त्याच देशाचा रोष त्यांनी पत्करला. माघार घेतली नाही.

तेव्हा पदवीचा आग्रह धरणाऱ्यांना उत्तर मिळाले. पण दुसऱ्या बाजूनेही इतक्यात पेढे वाटू नयेत. या माणसाने पोर्तुगीज, डच, जपानी शिकून घेतले, मूळ कागद वाचले आणि अनेक स्वतः संपादून छापले. फिरत्या संदेशांवर पानिपत लढणाऱ्यांनी त्यांचे नाव आपल्या बाजूने घेऊ नये.

त्यांच्यातही उणे आहेच. त्यांचा आशिया बराचसा पोर्तुगीज गलबताच्या डेकवरून दिसलेला आहे. मराठी, फारसी कागदांपर्यंत ते पोहोचले नाहीत. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, ती आतून समजून घ्यायला बॉक्सर पुरे पडत नाहीत. तिथे पांडुरंग पिसुर्लेकरांकडेच जावे लागते. गोव्याच्या दफ्तरखान्याचे प्रमुख म्हणून त्यांचा पोर्तुगीज कागदांवर जेवढा हात होता, तेवढाच मराठीवर. त्यांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हे पुस्तक पुणे विद्यापीठाने १९६७ साली काढले.

आपल्या रविवार पुरवणीत या दोघांवर सविस्तर लेख यावेत, ही विनंती. आणि आपल्याकडच्या महाविद्यालयांत इतिहासाच्या मुलांना मोडीबरोबर पोर्तुगीज शिकण्याची सोय का नाही, हेही कोणीतरी कुलगुरूंना विचारावे. वसईच्या किल्ल्यातले पोर्तुगीज शिलालेख वाचायला आम्हाला अजून बाहेरचा माणूस शोधावा लागतो.

कळावे,
आपला,
एक वाचक, वसई