मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: एनडीएच्या पोरांचं मेडिकल आधी होऊ द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

बारावीनंतर एनडीएसाठी, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, एक वर्ष ड्रॉप घ्यावा का, हे विचारायला दर उन्हाळ्यात पालक येतात. मी लातूर जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. पेपरचा हिशेब मला सांगता येतो: लेखी 900 गुणांची, त्यात गणित 300, पुढे एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, तीही 900 ची. वर्षातून दोनदा परीक्षा, वयाची मर्यादा साडेएकोणीस. अडतं ते तिसऱ्या पायरीवर. मेडिकलला गुण नसतात. फिट किंवा अनफिट, एवढंच.

हे मेडिकल सगळ्यात शेवटी होतं. लष्कराच्या बाजूने ते बरोबरच आहे, लाखो अर्जदारांना आधी तपासत कोण बसणार? पण ज्याने सोयाबीनच्या पट्टीतून क्लासची फी भरली, त्याच्यासाठी हा क्रम उलटा पडतो.

आमचा एक विद्यार्थी लेखी पास झाला, भोपाळला पाच दिवसांची एसएसबी काढली आणि मिलिटरी हॉस्पिटलात रंगीत ठिपक्यांतले आकडे त्याला वाचता आले नाहीत. रंगांधळेपणा जन्मजात. त्याला औषध नाही, ऑपरेशन नाही. अपिलासाठी 42 दिवस मिळतात. ते घरच्यांनी खासगी डॉक्टरांची सर्टिफिकेटं गोळा करण्यात घालवले. त्यातच ही परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीची गुणवत्ता यादी लागली. ही यादी मेडिकलचा निकाल धरून केलेली नसते. नाव आलं, गावात फलक लागला, आमदारांचा फोटोही त्यावर आला, आणि पोरगा आठवडाभर घराबाहेर पडेना. जे ठिपक्यांचं पुस्तक नववीत पाच मिनिटांत दाखवता आलं असतं, ते त्याने पहिल्यांदा तिथे पाहिलं.

उलट बाजूही आहे. नाकाचा पडदा वाकडा, कानात मळ, टॉन्सिल, हायड्रोसील, वजन जास्त: यांतलं बरंच काही दुरुस्त होतं. यूपीएससी स्वतःच्या जाहिरातीत सांगते की अर्जाआधी अशा गोष्टी तपासून घ्या. ती जाहिरात मराठीत नसते आणि पालक फक्त शेवटची तारीख बघतात. ‘टेम्पररी अनफिट’ ऐकून हाय खाल्लेली पोरं मी पाहिली आहेत आणि ‘पर्मनंट’ असूनही आणखी एक वर्ष क्लास लावणारीही. ड्रॉप घ्यायचा की बीएस्सीला जायचं, हे या एका शब्दावर ठरायला हवं. सध्या ते शेजारच्याच्या पोराकडे बघून ठरतं. काही जण तर चष्मा घालवायला सतराव्या वर्षी लेझर करून घेतात. विशीच्या आत केलेलं ते ऑपरेशन सैन्यात चालत नाही, हे त्यांना कोण सांगणार? लेझरचं दुकान उघडून बसलेला तर नाहीच.

संभाजीनगरची एसपीआय, म्हणजे एनडीएची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था, 1977 पासून पोरं घडवते आहे, पण तिथल्या जागा मोजक्या. बाकीचे खासगी अकॅडमीत जातात. मी पाहिलेल्या अकॅडम्या उंची आणि छाती मोजून फी घेतात. त्यापुढे तपासणं त्यांच्या धंद्याचं नाही.

संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आणि अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहे, ठाऊक आहे. जिल्हा रुग्णालयं आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं तर तुमच्याकडेच आहेत ना? पथक शाळेत येतं, नजर बघतं, दात बघतं. त्याच्या पेटीत ठिपक्यांचं पुस्तक घाला आणि आठवी-नववीच्या प्रत्येकाला दाखवा. किनवटकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने दात आणि हाडं बिघडतात; तिथे जरा जास्त वेळ द्या. 2021 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून मुलीही एनडीएला बसू लागल्या. त्यांचं हिमोग्लोबिन दहावीतच कळलं तर हाताशी पुरेसा वेळ राहतो.

आणि जिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस ठेवा. डोळे, कान-नाक-घसा, हाडं, दात असे चार डॉक्टर त्या दिवशी एकाच ओपीडीत बसवा. सैन्यातून निवृत्त झालेले डॉक्टर आपल्या भागात आहेत, त्यांना निकष सांगायला बोलवा. पोराच्या हातात मराठीत लिहिलेला कागद द्या: हे बरं होण्यासारखं आहे, इतके महिने लागतील, हे होण्यासारखं नाही. शेवटचा निर्णय मिलिटरी डॉक्टरांचाच, हेही त्यावर ठळक छापा, नाहीतर उद्या तोच कागद घेऊन लोक भांडायला जातील.

येत्या जूनच्या आधी निदान लातूर, बीड आणि नांदेडला एवढी सुरुवात व्हावी. शाळांना कळवण्याचं काम आम्ही शिक्षक करू.

आपला,
एक गणित शिक्षक, जि. लातूर