पोटगीचा आदेश आणि राज्याची हद्द

महोदय,

घटस्फोटाच्या निकालात पोटगी मंजूर होते, पहिले काही हप्ते येतात, मग नवरा बेळगाव, सुरत नाहीतर हैदराबादला जातो आणि पैसे थांबतात. अशा वेळी बहुतेक जणी निकाल दिलेल्या न्यायालयातच वसुलीचा अर्ज करतात. वॉरंट परराज्यातल्या पोलीस ठाण्याकडे जाते, ‘दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येते आणि पुढची तारीख पडते. यात कायद्याची उणीव कमी आणि चुकीच्या दारात उभे राहणे जास्त आहे.

आधी हातातला कागद कोणता ते पाहावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) आदेश असेल, तर कलम १४७ प्रमाणे नवरा जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे किंवा कौटुंबिक न्यायालयात थेट अर्ज करता येतो. तिथे दोनच गोष्टी पाहतात: पक्षकार तेच आहेत का आणि रक्कम थकली आहे का. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत, ओळखपत्र, बँकेचा उतारा आणि महिनावार थकबाकीचा तक्ता जोडावा. निकाल मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही द्यावे, नाहीतर पहिली हरकत तीच निघते. रक्कम जास्त आहे, हा वाद तिथे उकरता येत नाही.

सर्वाधिक नुकसान मुदतीने होते. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज केला नाही, तर तेवढ्या रकमेसाठी वॉरंट मिळत नाही. ‘देईल हळूहळू’ म्हणत अडीच वर्षे थांबलेल्या बाईला या मार्गाने शेवटच्या १२ महिन्यांचेच मिळते. जुनी थकबाकी बुडत नाही, पण तिच्यासाठी दिवाणी वाट धरावी लागते. आणि नवरा महिनाभर तुरुंगात गेला म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खालची कायम पोटगी असेल, तर दिवाणी दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज. २००२ च्या दुरुस्तीनंतर निकाल देणाऱ्या न्यायालयाला आपल्या हद्दीबाहेरच्या मिळकतीवर जप्ती आणता येत नाही. त्यामुळे हुकूमनामा (दिवाणी न्यायालयाचा अंतिम आदेश) मिळकत जिथे असेल तिथल्या न्यायालयाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. सोबत हुकूमनाम्याची नक्कल, किती रक्कम अजून येणे आहे याचा दाखला आणि अंमलबजावणीचा पूर्वीचा आदेश (नसेल तर तसा दाखला) जातो. राज्य वेगळे असले तरी हे कागद थेट त्या न्यायालयाकडे पाठवता येतात. पण कागद गेले म्हणजे काम सुरू झाले असे नाही. तिथे नव्याने दरखास्त दाखल करावी लागते, आणि नेमके हेच राहून जाते. मधल्या काळात नवरा फ्लॅट विकेल अशी भीती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६ चा आधार घ्यावा; त्याखाली निकाल देणारे न्यायालय तिथल्या न्यायालयाला मिळकत जप्त करायला कळवते. ती जप्ती साधारण दोन महिनेच टिकते.

पगार हा सगळ्यात पक्का मार्ग. पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून सुटतो. सरकारी नोकर कुठेही असला तरी जप्तीचा आदेश जातो. खासगी नोकरीत मात्र पगार काढणारा अधिकारी न्यायालयाच्या हद्दीत असावा लागतो. नवरा हैदराबादला असला तरी पगार पुण्याच्या कार्यालयातून निघत असेल, तर पुण्यातच काम होते. हे तपासायला फारसे कोणी जात नाही.

कलम १४४ खालच्या पोटगीच्या आदेशाची प्रत विनाशुल्क द्यावी असे कायदाच सांगतो. ती निकालाच्या दिवशीच मिळावी. उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून सक्तीचे झाले, म्हणजे नोकरीचे ठिकाण आणि बँक खाती न्यायालयाच्या फायलीत असतात. ती पोटगीच्या आदेशातच नोंदवावीत, अशी सूचना उच्च न्यायालयाने कौटुंबिक न्यायालयांना द्यावी.

— कौटुंबिक न्यायालयात काम करणारी एक वकील, कोल्हापूर