तिथी बघून बुकिंग कर

नेरूळ,
२९ जानेवारी

चि. ऋचा हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी "छान झालं, छान झालं" म्हणत होते ते बाबा शेजारी बसले होते म्हणून. आता ते दूध आणायला गेलेत, तोवर खरं काय ते लिहिते.

बाबांच्या निवृत्तीची भेट म्हणून तू अलिबागजवळच्या किहीमचं कॉटेज घेतलंस, याचं त्यांना फार अप्रूप. वडखळला दीड तास गाडी जागची हलली नाही तरी कुरकुर नाही. जाहिरातीत 'पक्षीप्रेमींसाठी, समुद्रासमोर' असं होतं ना? समोर समुद्र होताच, फक्त मध्ये सुरूची झाडं आणि शेजारच्या बंगल्याची भिंत. रात्री त्या बंगल्यात बारापर्यंत गाणी चालू. जेवण मात्र फक्कड, सोलकढी मी तीनदा मागितली.

गडबड वेगळीच झाली. तू २६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार धरलास. कॅलेंडरात सुट्टी बघितलीस, तिथी नाही. पौर्णिमा २६ च्या आदल्याच दिवशी होऊन गेलेली, म्हणजे शनिवारी दूज आणि उधाणाची भरती-ओहोटी. शनिवारी पहाटे साडेपाचला उठून, थर्मास भरून पाखरं बघायला जवळच्या अक्षीच्या किनाऱ्यावर पोचलो, तर समुद्रच जागेवर नाही! नुसती ओली वाळू. पार टोकाला पाण्याची रेघ आणि तिच्यावर मोहरी सांडावी तसे ठिपके. बाबा दुर्बीण लावून म्हणाले, "हे बहुतेक चिखल्या पक्षी." मी म्हटलं, बहुतेक.

कॉटेजवर पोह्यांच्या वेळी तिथल्या राखणदार काकांनी आमची कीव केली. म्हणाले, "ताई, तिथीला पाऊण लावा. दुजेला दीडची भरती. पाणी वर आलं की पाखरं आपणहून तुमच्या पायाशी." तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच गणित. थोडं मागेपुढे होतं, पण कोळ्यांची होडी यावरच चालत आलीय. मला माझीच लाज वाटली. आपल्या नेरूळच्या टी. एस. चाणक्य संस्थेमागच्या पाणथळीत रोहित (फ्लेमिंगो) भरतीलाच येतात, हे मी तुला शाळेत असताना दाखवलंय. खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की ते इकडे विसाव्याला, ओहोटी लागली की परत चिखलात. ऐरोलीहून रोहित दाखवायला नेणाऱ्या बोटीची वेळसुद्धा त्यामुळेच रोज बदलते. घरी कळतं ते बाहेर पडलं की विसरतं.

मग साडेबाराला भर उन्हात पुन्हा अक्षी. बाबांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, फोटो पाठवू नका म्हणालेत म्हणून पाठवत नाही. पाणी चढत होतं आणि वाळूची पट्टी अरुंद होत होती. तिच्यावर शे-दोनशे चिखल्या, खेटून, एका पायावर, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. लाट आली की सगळा थवा दोन हात मागे सरके, पाय मात्र कुणी खाली टेकत नव्हतं. एका पायावरच लंगडी घालत मागे! मला इतकं हसू आलं की दुर्बीण हलायला लागली. वीसेक मिनिटं मिळाली. मग एक घोडागाडी आली आणि सगळं आकाशात.

आणखी एक. कॉटेजमागे विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे जुने खोपे होते. एक खाली पडलेला काकांनी हातात दिला. वजन काहीच नाही, पण आत बोट घातलं तर वाळलेल्या चिखलाचे गोळे लागले, खुळखुळ्यासारखे. किहीमलाच १९३० च्या पावसाळ्यात पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी या पाखरांचा अभ्यास केला. तेव्हा त्यांच्या हातची नोकरी गेलेली होती. त्यांनी बघितलं की विणकाम सगळं नराचं. तो अर्धा खोपा विणून ठेवतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच पुढचा भाग. आणि ती आत बसली की हा पठ्ठ्या दुसरा खोपा विणायला घेतो! नाव मात्र सुगरण. बाबा म्हणाले, "बघ, काम कुणाचं आणि नाव कुणाचं." मी म्हटलं, तुम्ही छत्तीस वर्षांत एक चहा केलात, तोही उतू गेला.

पण नोकरी नसताना माणसानं काय करावं, ते त्यांना बरोब्बर सापडलंय. कालपासून कालनिर्णय घेऊन बसलेत, प्रत्येक तिथीखाली पेन्सिलीनं भरतीची वेळ. मला भाजीला जायचं असलं तरी सांगतात, "आता ओहोटी आहे."

तर पुढचं बुकिंग शुद्ध किंवा वद्य दशमी-एकादशीचं कर. भांग, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढ-उताराची भरती, नुकती सरलेली, ओहोटीलाही पाणी फार आत जात नाही, आणि साडेसात-सव्वाआठला कोवळ्या उन्हात भरती. मंगळवार आला तर मंगळवार. रजा तुलाच टाकावी लागेल, कारण तीन खाटांची खोली घ्यायची आहे.

जिना चढल्याचा आवाज येतोय. हे पत्र मिळाल्याचं त्यांच्यासमोर बोलू नकोस. चहाचं तर नाहीच.

तुझी,
आई