आवाज बोटीचा नव्हे, चुकलेल्या पाइपचा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका भगिनींनी रविवारी सकाळी तळ्यात सोडल्या जाणाऱ्या रिमोटच्या पेट्रोल बोटींच्या आवाजाविषयी तक्रार केली होती आणि अशा सर्व बोटींवर बंदी घालण्याची मागणी केली होती. मी ऐरोलीत राहतो, कारखान्यातील यंत्रदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालो आहे आणि गेली सहा वर्षे हाच छंद जोपासतो आहे. त्यांची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे, मागणी मात्र मान्य नाही. कारण त्यांच्या कानावर आदळलेला आवाज हा वेगाचा नव्हता, तर चुकलेल्या जुळणीचा होता, आणि ज्या मुलांनी ती बोट पाण्यात सोडली त्यांनाही हे कोणी सांगितलेले नसावे.

ज्यांनी अशी बोट जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. माझी बोट कॅटामरान जातीची. कॅटामरान म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारीशेजारी ठेवून वरून एकाच छपराने जोडाव्यात तशी बांधणी. हा शब्दच मुळी ‘कट्टुमरम’, म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके, या तमिळ शब्दावरून जगभर गेला. माझी बोट फायबरची, साधारण सव्वा मीटर लांबीची आहे आणि तिच्यात २६ सीसीचे, दोरी ओढून सुरू होणारे, पाण्याने थंड राहणारे टू-स्ट्रोक इंजिन आहे. ते मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे घेते, म्हणजे सेकंदाला अडीचशेहून अधिक. इतक्या वेगाने फिरणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरच्या भिंतीतील तोंडे उघडतो आणि मिटतो. जळलेला वायू बाहेर जाण्याचे तोंड आणि ताजे मिश्रण आत येण्याचे तोंड ही दोन्ही काही काळ एकाच वेळी उघडी राहतात, त्यामुळे ताज्या पेट्रोलचा बराचसा भाग न जळताच एक्झॉस्टमधून निघून जाऊ शकतो. या गळतीला आवर घालण्याचे काम एक्झॉस्टच्या पाइपकडे असते.

हा पाइप म्हणजे आजच्या मोटारसायकलवर असतो तसा निव्वळ आवाज दाबणारा सायलेन्सर नव्हे. तो आधी पसरत जातो, मधे फुगीर असतो, पुढे पुन्हा निमुळता होतो आणि शेवटी एका बारीक नळीत संपतो. आम्ही त्या नळीला शेपटी म्हणतो. एक्झॉस्टचे तोंड उघडताच दाबाची एक लाट पाइपमध्ये धावत सुटते. पसरत्या भागातून तिचा जो अंश परततो तो ओढून घेणारा असतो, त्याने सिलिंडर झटकन रिकामा होतो. निमुळत्या भागावर आपटून जो अंश परततो तो ढकलणारा असतो, आणि तो नेमक्या क्षणी पोहोचला तर पाइपमध्ये निसटलेले ताजे मिश्रण तोंड मिटण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबतो. पूर्व जर्मनीतील एमझेड या मोटारसायकल कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्यांनी १९५०च्या दशकात याच लाटांचा पिच्छा पुरवला आणि १९६१पर्यंत १२५ सीसीच्या शर्यतीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती काढून दाखवली. आपल्याकडे यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटारसायकलवर जीव टाकणाऱ्या पिढीने ज्या पाइपचे कौतुक केले, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

आता लाट नेमक्या क्षणी पोहोचायची तर पाइपची लांबी नेमकी हवी, आणि तिचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. समजा, एक्झॉस्टचे तोंड फेऱ्यातील १६० अंश उघडे राहते आणि इंजिनाला १६,००० फेऱ्यांवर पळवायचे आहे. तोंड उघडे राहण्याचा काळ येतो सेकंदाचा सुमारे सहाशेवा भाग. तापलेल्या वायूतील लाटेचा वेग सेकंदाला ५१८ मीटरच्या आसपास धरण्याची पद्धत आहे. तेवढ्या काळात लाट ८६ सेंटिमीटर जाते, आणि तिला जाऊन परत यायचे असल्यामुळे पिस्टनपासून निमुळत्या भागाच्या मध्यापर्यंतचे अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे ४३ सेंटिमीटर ठेवावे लागते. हेच गणित १५,००० फेऱ्यांसाठी केले तर ४६ सेंटिमीटर येते. पाइप आखूड केला की ताकद वरच्या फेऱ्यांवर सरकते, लांब केला की खालच्या. म्हणूनच आम्ही इंजिनापासून निघणाऱ्या वाकड्या नळीचे टोक एका वेळी पाव इंचाहून अधिक कधीच कापत नाही. प्रत्येक कापानंतर बोट पाण्यात सोडून पाहतो, कारण कापलेली नळी सहजासहजी परत जोडता येत नाही. माझ्या पहिल्या पाइपची नळी मी घाईने तब्बल एक इंच कापली होती. बोट सुरुवातीला पाण्यात नांगरासारखी रुतून बसे आणि एकदा उचलली की किंचाळत सुटे. तो पाइप अजून माळ्यावर पडून आहे.

त्या भगिनींनी वर्णन केलेला ‘फाटक्या भोंग्यासारखा’ आवाज वाचून मला गेल्या पावसाळ्यापूर्वीचा एक प्रसंग आठवला. कोपरखैरण्याची दोन कॉलेजकुमार मुले आपली कॅटामरान घेऊन आमच्याकडे आली. पारसिकच्या डोंगराच्या अंगाला असलेल्या एका बंद दगडखाणीतील पाण्यावर, मालकाच्या परवानगीने, आम्ही बोटी चालवतो. खाणीच्या कडा तिन्ही बाजूंनी उभ्या असल्यामुळे तिथे आवाज घुमतो आणि कोणाची बोट कशी जुळली आहे हे डोळे मिटूनही कळते. त्या मुलांनी पाइपची शेपटी करवतीने कापून टाकली होती आणि तिच्यावरचा छोटा सायलेन्सरही काढला होता. कोणा दुकानदाराने त्यांना सांगितले होते की, वायू जितका मोकळा जाईल तितकी बोट पळेल. टू-स्ट्रोकच्या बाबतीत हे साफ चुकीचे आहे. शेपटीची जाडी आणि लांबी यांवर पाइपच्या आतला दाब ठरतो. ती फार अरुंद असेल तर उष्णता कोंडून पिस्टन जळतो, आणि फार रुंद किंवा फार आखूड असेल तर दाब टिकत नाही, परत येणारी लाट दुबळी होते, बोट मंदावते आणि आवाज मात्र कानठळ्या बसवतो. कळव्याच्या एका वेल्डरकडून आम्ही त्याच मापाची शेपटी पुन्हा लावून घेतली, सायलेन्सर परत चढवला, आणि पुढच्या रविवारी ती बोट आदल्या खेपेपेक्षा उघडउघड वेगाने आणि निम्म्याहून कमी गोंगाटात धावली. मुले खट्टू झाली हे खरे. त्यांना आवाजही हवा होता.

पाइपइतकेच महत्त्व हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला आहे आणि इथे ऋतू व पेट्रोल पंप हे दोघेही आपापला हात दाखवतात. कार्ब्युरेटरवर पेट्रोलचा ओघ कमीजास्त करणाऱ्या, कमी आणि जास्त वेगाच्या अशा दोन सुया असतात. दोन्ही सव्वा फेरी उघडून सुरुवात करायची आणि मग जास्त वेगाची सुई एका वेळी फेरीच्या सोळाव्या भागाने फिरवत जायचे. मिश्रण जाड असेल, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असेल, तर इंजिन एक फेरा सोडून एक फेरा पेटते, घोगरे गुरगुरते आणि न जळलेल्या तेलाचा तवंग पाण्यावर सोडते. मिश्रण पातळ झाले, म्हणजे पेट्रोल कमी पडले, की आवाज मोहक होतो, बोट हलकी वाटते आणि थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरला धरतो. खरी परीक्षा स्पार्क प्लगची. पूर्ण वेगाची एक लांब धाव घेऊन इंजिन तत्काळ बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा. फिक्या तपकिरी रंगाचा असेल तर ठीक, काळा व ओला असेल तर मिश्रण जाड, पांढराफटक असेल तर त्या दिवशी बोट पुन्हा पाण्यात घालू नये. मी स्वतः हा नियम एकदा मोडला. मे महिन्यातील ३४ अंशांच्या दमट दुपारी बसवलेली सुई तशीच ठेवून मी जानेवारीतील १८ अंशांच्या सकाळी बोट सोडली. थंड हवा तेवढ्याच जागेत सुमारे पाच टक्के अधिक भरते, म्हणजे तीच सुई ठेवली तर पेट्रोल तिच्यासाठी कमी पडते. तिसऱ्या फेरीत इंजिन कचकन थांबले आणि पिस्टनवर खोल ओरखडे निघाले. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे पूर्वीची सुई आपोआप पातळ ठरते आणि ती थोडी अधिक उघडावी लागते. शिवाय ते हवेतील ओल शोषते आणि कार्ब्युरेटरचा रबरी पडदा कडक करते, म्हणून पेट्रोल आठवडेच्या आठवडे टाकीत ठेवू नये. मी लिटरमागे ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घालतो आणि दिवस संपताच टाकी रिकामी करतो.

थंड करणाऱ्या पाण्याचीही एक गोष्ट सांगतो. बोट धावू लागली की मागच्या नळीतून आत शिरलेले पाणी सिलिंडरभोवती फिरून बाजूने बाहेर पडते, आणि वळणावर ती धार दिसली नाही तर बोट ताबडतोब किनाऱ्याला घ्यावी लागते. आपल्या तळ्यांत ही नळी बहुतेक वेळा गुटख्याच्या पुडीने किंवा निर्माल्याने तुंबते. हेच पाणी पाइपवर जास्त फिरवले तर आतला वायू गार होतो, लाटेचा वेग घटतो आणि मापाने नेमका असलेला पाइप लांब असल्यासारखा वागू लागतो.

आवाजाचा चढउतार हा कानाला सर्वांत असह्य, आणि त्याचे कारण पुष्कळदा इंजिनात नसते. कॅटामरान वेगात असताना तिच्या दोन पोटांमधल्या बोगद्यात हवा दाबली जाऊन ती उचलली जाते आणि पंखा जेमतेम अर्धा पाण्यात राहतो. वजन फार मागे असेल किंवा पंख्याचा दांडा फार वर असेल तर बोट उसळते, पंखा हवेत येतो, भार नाहीसा होतो आणि इंजिन एकदम किंचाळते. दांडा दोन-तीन मिलिमीटर खाली घेणे आणि टाकी थोडी पुढे सरकवणे एवढ्याने हे किंचाळणे थांबते.

मागणीकडे वळतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत, ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ती आम्हालाही लागू आहे, याबद्दल वाद नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे लक्षात घेऊन महापालिकेने वस्तीपासून दूर असलेले एखादे पाणी ठरवून द्यावे, रविवारी सकाळी ९ ते ११ एवढीच वेळ द्यावी, आणि शेपटी व सायलेन्सर शाबूत असलेला पाइप तपासल्याशिवाय बोट पाण्यात सोडू देऊ नये. ठाणे खाडीलगतच्या ज्या पाणथळ जागांवर रोहित पक्षी उतरतात तिथे मात्र, पाइप कितीही नीट असला तरी, पेट्रोलची बोट मुळीच नको. २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेल्या खाडीच्या शेजारी राहण्याचे एवढे भान आम्हाला असायलाच हवे.

तक्रार करणाऱ्या भगिनींनी, त्यांची हरकत नसेल तर, एखाद्या रविवारी खाणीवर यावे अशी माझी विनंती आहे. कापलेल्या शेपटीचा आणि नीट जुळलेला असे दोन्ही पाइप मी एकाच बोटीवर आळीपाळीने चढवून दाखवीन. पहिल्यासाठी कानात कापूस घालावा लागेल, तो मी आणीन.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्रदुरुस्ती कामगार,
ऐरोली, नवी मुंबई